पिवळी राहिलेली हळद

आत्या, आज आमच्या खकनारच्या घरात नव्या विहिरीचं पाणी आलं आणि तुझी आठवण झाली. लेकराला दात येताहेत, आता त्याला वरचं पाणी द्यावं लागेल. सासूबाई म्हणाल्या, "फडक्यातून गाळलंय ना? मग झालं." मी हो म्हटलं आणि लिहायला बसले. चुलीपुढच्या राखेत अक्षरं गिरवायला तूच शिकवलंस, म्हणून लिहितेय तेही तुलाच.

माहेरी लोधीपुऱ्यात ताईचं लग्न होतं तो दिवस आठवतो. जमिनीखालून वाहत येणारं पाणी आपण गल्लीतल्या विहिरीसारख्या कुंडीतून शेंदायचो, आणि त्या पाण्यावर कुणी कधी शंका घेतली नव्हती. काकूंनी ताईची हळद त्यात कालवली आणि बघता बघता ती लाल झाली. बायकांनी एकच गलका केला, "अगं बाई, आपोआप कुंकू झालं! नवरी नशिबाची!" काकू तर वाटी घेऊन शेजारी दाखवायला निघाल्या. मी मात्र घाबरले. तू घरी कुंकू करायचीस ते हळदीत चुना घालून. मग आज चुना कुणी घातला? मी एवढंच विचारलं, तर काकू म्हणाल्या, "हिला देवाच्या नैवेद्यातही खडा दिसतो. शुभ घडीला तोंड बंद ठेव."

सगळ्या हसल्या, तू नाही हसलीस. दोन वाट्या मांडतेस, एकीत कुंडीचं पाणी, दुसरीत पूजेसाठी आणलेलं तापीचं, आणि दोन्हींत माझ्याच हातून चिमूटभर हळद टाकून घेतेस. तापीची पिवळीच राहते, कुंडीची लाल होते. कुंडीचं पाणी तू बोटांत चोळतेस. बुळबुळीत लागतं. पदर खोचून, माझा हात धरून तू थेट गल्लीच्या वरच्या अंगाला, रंगाऱ्याच्या अंगणात गेलीस. कुंडीला लागूनच त्याने सूत धुवायचा नवा खड्डा खणला होता.

"सोडा है बाई, विलायती. जहर थोडी है."

"तो पी ले एक लोटा. मी इथंच उभी आहे."

त्याने खड्ड्याकडे पाहिलं, मग अंगणात खेळणाऱ्या आपल्या पोरींकडे. "हमारे घर भी यही पानी आता है," तो हळूच म्हणाला, आणि दिवस मावळायच्या आत खड्डा उपसून बुजवायला लागला. लग्नाचं जेवण तापीच्या पाण्यावर झालं. ते नदीवरून वाहून आणताना पुरुष कुरकुरले, काकू रुसल्या, पण ताईला पिवळी हळद लागली.

परत येताना तू मला शहाणी वगैरे म्हणाली नाहीस. म्हणालीस, "भीती वाटली की अशीच विचारत जा." त्याआधी घरात माझी भीती नुसती थट्टेची गोष्ट होती. तू तिला काम दिलंस. याबद्दल तुझ्या हयातीत मी कधी काही बोलले नाही, इतकी लहान होते.

हा कागद आता चुलीत जाईल. पण एक सांगते. सासूबाई देवळात गेल्यावर मी वाटीत पाणी घेऊन हळद टाकली. पिवळी राहिली. तरी ती ओतून, वाटी विसळून, मी पुन्हा एकदा टाकून पाहिली.