आधी जेवण, मग बैल

बाबा, मी चिखलीला आलो आहे आणि आपल्या स्वयंपाकघरात बसून हे लिहितो आहे. मागचं दार उघडं आहे ना, हे दोनदा उठून पाहून आलो. महिनाभर माझं असंच चाललंय, कुठेही बसलो तरी आधी बाहेर पडायची वाट पाहून ठेवतो. महाराष्ट्र राज्य झालं त्याआधीच तुम्ही गेलात, आणि मी मुंबईत नेमकं काय करतो हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. कारखानदार आमच्या कंपनीला बोलावतात. आम्ही त्यांचा कारभार पाहतो, काय चुकतंय ते लिहून देतो, मोबदला घेतो आणि निघतो. त्यांनी ऐकलं तरी ठीक, नाही ऐकलं तरी ठीक. आता एका बँकेनं नवा विभाग उघडलाय. कंपन्यांना भांडवल उभं करून द्यायचं, एकाचा कारखाना दुसऱ्याला मिळवून द्यायचा. व्यवहार जमला तर कमाई, फिसकटला तर काही नाही. तिथं त्यांनी मला बोलावलंय. जावं की नाही, हे मला पगारावरून ठरवता येईना.

बैलबाजारात तुम्ही पारखी होतात. जोडी घेणारा तुम्हाला सोबत न्यायचा आणि तुम्ही आधी त्याच्या शिदोरीतलं जेवायचात. तेवढीच तुमची मजुरी. मग हात धुताना म्हणायचात, "खाल्लं. आता घेऊ नको सांगाले मी मोकळा." समोर तुमचा मित्र, तो दलाल, पान लावत बसलेला असे. उपरण्याखाली बोटं दाबून तो भाव ठरवायचा आणि सौदा झाला तरच त्याला दलाली. मला पाहिलं की हसायचा. "तुहा बाप जेवते अन् सौदा मोडते. मी उपाशी राहून जोडतो. सांग बे कॉलेजवाल्या, पुण्य कोणाले?" तुम्ही वर न बघता म्हणायचात, "उपाशी मानसाले लंगडा बैलही नाचता दिसते." मला तुमची बाजू आवडायची. माझी नोकरी मी बहुधा तिथूनच उचलली.

पण एका वर्षी पेरणीआधीच्या बाजारात तुम्ही एका शेतकऱ्याला सगळ्या जोड्या नाकारायला लावल्या. तो रिकामा परतला आणि शेजाऱ्यांचे बैल मोकळे होईपर्यंत पेरणीला थांबला. नंतर एका दुपारी तो इथं, याच उंबऱ्यात बसला आहे. आई चहा देते आहे. तो रागावलेला नाही. "दादा, तुमी खरंच सांगतलं. पण मले पेराचं होतं. कसा का असेना, बैल पाह्यजे होता." मीच मध्ये बोलतो, "आणि बैल खोटा निघाला असता तर?" तुम्ही माझ्याकडे वळता. "तू चूप राय. तुले नाही थांबा लागलं."

पुढच्या बाजारात तुम्हीच नाकारलेली एक जोडी तुम्ही त्याला घेऊन दिलीत. उपरण्याखाली हात तुमचा. दलाल पान हातात धरून पाहत राहिला. शेतकऱ्यानं शिदोरी सोडली तेव्हा तुम्ही "भूक नाही" म्हणालात. घरीही जेवला नाहीत. आईनं विचारलं, "काऊन, बैल बरे नाहीत का?" तुम्ही म्हणालात, "पाहू." त्या हंगामात तुम्ही पुन्हा पुन्हा त्याच्या शेतावर जाऊन त्या बैलांची चाल पाहत होतात. त्याआधी नाकारलेल्या बैलांकडे तुम्ही कधी परत गेला नव्हतात, गरजच नव्हती. ती जोडी कशी निघाली, मला ठाऊक नाही. मी कॉलेजला परतलो आणि कधी विचारलंही नाही.

मध्यंतरी अकोल्याला गेलो होतो. एका तेलगिरणीला मी घाणे बदलायचा सल्ला दिला होता. तेच घाणे चालू होते. माझा अहवाल कापडी बांधणीत मालकाच्या कपाटात होता. त्यानं तो कौतुकानं दाखवला आणि मला पोटभर जेवू घातलं. दुसरीकडे, माझा एक सहकारी वर्षापूर्वी त्या बँकेत गेला. तो एका नव्या गिरणीचं धुराडं दाखवून म्हणतो, हे माझ्यामुळे पेटलं. गिरणी टिकेल का, असं विचारलं तर म्हणतो, ते चालवणारे बघतील. मी आहे तसाच राहू, की त्याच्यासारखा होऊ, बाबा? तुम्ही त्या दिवशी उपाशी राहिलात तो पश्चात्ताप होता, की जबाबदारी? की नुसतीच धाकधूक? आणि तिकडे गेलो तर मी परत जाऊन चाल पाहीन का?

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून लिहितो. परवा बँकेत जाऊन होकार देऊन आलो. साहेबांनी जेवायला थांबवलं. मी म्हणालो, भूक नाही. मग जिना उतरलो आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसून दोन प्लेट पुरीभाजी खाल्ली.