पार्सल अजून आलेलं नाही

माधव नगर, उज्जैन
१४ डिसेंबर १९९८

चि. सायली,

तू अमेरिकेहून पाठवलेलं पार्सल येऊन आज नऊ दिवस झाले. सही करून मीच घेतलं. गुडघ्यांचे पट्टे छान बसलेत, ते घालूनच लिहितोय.

तुझ्या लग्नाला मी आलो नाही. त्यानंतर चार वर्षं तुझा फोन फक्त दिवाळीला यायचा, तोही आईसाठी. पण पार्सल निघालं आणि तू रोज सकाळी सातला तिकडच्या कॉम्प्युटरवर बघून मला सांगू लागलीस, "बाबा, आज फ्रँकफर्टला आहे. बाबा, मुंबईला उतरलं." म्हणून ते पोचल्यावर मी बोललोच नाही. खोका रजयांच्या पेटीत लपवला आणि "अजून नाही गं आलं" म्हणत राहिलो. तू एकदाही चिडली नाहीस. "बरं, उद्या बघते," म्हणायचीस आणि मग माझे गुडघे, इथली थंडी, आईचं बीपी, सगळं विचारत बसायचीस.

एवढी कबुली लिहून मी पत्राला लावायची पोस्टाची तिकिटं आणायला देवास गेटला गेलो. तिथे पार्सल देऊन गेलेला तोच कुरियरवाला भेटला. पार्सल पोचल्याचं तिकडे कळतं का, असं त्याला सहज विचारलं, तर हसायला लागला. "अंकलजी, आपने साइन किया ना, उसी दिन अमेरिका में आपका नाम दिख गया होगा."

म्हणजे नऊ दिवस तुला माहीत आहे, पोरी.

तिकिटं न घेताच परत आलो. हे पत्र आता पेटीतच राहील. उद्या सातला खुर्ची फोनजवळ ओढून बसतो.

पार्सलची वाट पाहणारा,
तुझा बाबा