नबाबाला होळीपर्यंत मुदत

अमरावती, ता. ३ जानेवारी १८६५, सकाळ

लिहिण्याचं कारण एकच. घरात कुत्रा आला आहे आणि मला कोणी विचारलं नाही.

कुत्रा दुर्गाबाईंचा. दुर्गाबाई चांदूर बाजारकडच्या मोठ्या शेतीवाल्या आणि मोरोपंतांच्या सर्वांत मोठ्या अशील. (नवऱ्याचं नाव लिहिते आहे. ही वही माझ्याखेरीज कोणी वाचणार नाही.) दिवाळीनंतर त्यांच्या अंगणातला कापूस दोनदा चोरीला गेला. दोन्ही वेळा हा ढिगाला टेकून झोपला होता. दुर्गाबाईंचे भाऊ पंजाबराव दुसऱ्या चोरीनंतर याच्यावर बंदूक घेऊन उठले होते. आता दुर्गाबाई दलालांशी भाव ठरवायला अकोल्याला निघाल्या. जाताना बैलगाडीतूनच म्हणाल्या, "वकिलीनबाई, तुमी शिकल्या-सवरल्या. याले जरासं वळन लावा. होळीले मी येतो. त्या रातीले पंजाबराव याले कापसावर बसवून पाहीन. भुंकला तं जगला. नाई तं त्याची बंदूक हायेच."

मोरोपंत म्हणाले, "अवश्य, अवश्य." फी मिळते तिथे ते दोनदा अवश्य म्हणतात.

ठीक. मी मुंबईस मडमेच्या शाळेत शिकले आहे. मडम एका छडीवर सगळा वर्ग सरळ करीत असे, आणि तो वर्ग या कुत्र्याहून वाईट होता. नाव नबाब. इथूनच लाड सुरू झालेले दिसतात.

ओसरीच्या आत पाऊल टाकायचं नाही. हुकूम मानल्याशिवाय भाकरी नाही. लाड तर नाहीतच.

ता. ५ जानेवारी

साहित्य आणवलं. चांभाराकडून पट्टा, लोहाराकडून साखळी. बडनेऱ्याला रेल्वेचे रूळ टाकताहेत, तिथल्या मुकादमाकडून पितळी शिट्टी. छडी घरचीच, ती फक्त दाखवण्यासाठी.

पहिला धडा. "ये" म्हटलं. आला नाही. "कम" म्हटलं. इंग्रजीतही आला नाही. घरकामाची मैनाबाई विहिरीवरून म्हणाली, "बाई, त्याले तुमची पुन्या-मुंबैची बोली समजत नसन."

यात तथ्य असू शकतं.

ता. ७ जानेवारी

अंगणाचं दार लावून घेतलं आणि "इकडे ये नं रे बावा" असं म्हटलं. पुष्कळदा म्हटलं. भिंतीपलीकडे कोणीतरी हसलं. कुत्रा उन्हात पाय पसरून झोपला.

निष्कर्ष : त्याला सगळं समजतं. हट्टी आहे. मूर्खाला शिकवता येतं, हट्ट्याला आधी मोडावं लागतं. संध्याकाळची भाकरी बंद.

रात्री भाकरी दिली. उपाशी विद्यार्थी लक्ष देत नाही, हे मडमही म्हणत असे.

ता. १२ जानेवारी, संक्रांत

मैनाबाई म्हणते, "त्याले तिळगूळ द्या बाई, गोड बोलन." सणासुदीला नोकरमाणसं डोक्यावर बसतात.

ता. १९ जानेवारी

शिट्टीचा धडा रोज सकाळी. मोरोपंतांना दावे लिहायला शांतता लागते, म्हणून ते कानात कापसाचे बोळे घालून बसले. कापसाला आज सोन्याचा भाव आणि आमच्याकडे तो कानात. मी विचारलं, लाज नाही वाटत? ते म्हणाले, "काय?"

मैनाबाई म्हणाली, "घरात दोन बहिरे झाले. एक कापूस घालून, एक बिनकापसाचा." मी तिला म्हटलं, बोलणं कमी आणि घासणं जास्त.

ता. २५ जानेवारी

जानराव पाटलांच्या मुलाची वरात दारावरून गेली. कापसाचा नवा पैसा. बैलांच्या शिंगांना चांदी, गाडीच्या चाकांना चांदी. उद्या नांगरालाही लावतील. आमच्याच दारापुढे शोभेचं दारूकाम सुरू केलं. घोडा उधळला. मोरोपंतांनी दौत सांडली. मैनाबाई धान्याच्या कणगीमागे लपली.

नबाबानं डोळासुद्धा उघडला नाही.

निधडी छाती! राखणदाराला हेच लागतं. प्रोग्रेस आहे.

ता. २९ जानेवारी, दुपार

यश. शिट्टी वाजवली आणि आला!

आधी आला नव्हता. मी रागानं डावा हात हलवून "मर मेल्या" म्हणाले, तसा उठून लंगडत पायाशी आला. नंतर तर्जनी उगारून "बस" म्हटलं. बसला. पुन्हा केलं. पुन्हा बसला. एकसारखा माझ्या तोंडाकडे बघत असतो. नजरेचा धाक बसला आहे. मडमेची मेथड शेवटी लागू पडतेच.

मोरोपंतांना दाखवलं. ते म्हणाले, "हातवारे जरा कमी करा, शेजारी बघतात." मत्सर.

ता. ४ फेब्रुवारी

पंजाबराव आले. बंदूक गाडीत ठेवून आले, एवढी तरी रीत. ओसरीवर बसून म्हणाले, "कावून वो वकिलीनबाई, शिकून राह्यला का नबाब?"

मी करून दाखवलं. आला, बसला. पंजाबराव "हौ, हौ" म्हणाले. मग उठले, कुत्र्याच्या पाठीमागे जाऊन पितळी ताट फरशीवर आपटलं. शेजारची गाय हंबरली. हा माझ्याकडेच बघत राहिला.

मी म्हटलं, शिकवत असताना तो इकडेतिकडे लक्ष देत नाही. पंजाबराव म्हणाले, "चोर काय याच्या तोंडापुढून येनार हाये? जाऊ द्या बाई. होळीले एकच गोळी लागन. म्हातारं झालं म्हंजे मानसालेबी कोनी पोसत नाई."

पान न देता उठवलं. कुत्रा दिवसभर जेवला नाही. असल्या माणसाचा वाराच वाईट.

ता. ५ फेब्रुवारी

ओसरीवर वारा येतो. नबाबाला माजघराच्या उंबऱ्याशी घेतलं. थंडीसाठी नव्हे. नजरेखाली ठेवायला.

ता. १२ फेब्रुवारी

उठत नाही. मागचे पाय धरले आहेत. पेजही ओकला. हा हट्टाचा नवा प्रकार असावा असं सकाळपर्यंत वाटत होतं.

वैद्यबुवांकडे निरोप पाठवला. उत्तर आलं, आमच्या शास्त्रात कुत्र्याची नाडी नाही. मोठं शास्त्र! मग साहेबलोकांच्या घोड्यांना औषध देणारे सलोत्री नत्थुजी यांना बोलावलं. त्यांनी सांधे दाबले, पोट दाबलं, दात पाहिले. वय झालंय म्हणाले. निर्गुडीच्या पाल्यानं शेक, तिळाचं तेल, पातळ पेज. पुढे देवाची मर्जी. जाताना कानाशी टाळी वाजवली आणि म्हणाले, "याचे कान गेले बाई. तोफ उडवली तरी याले खबर नाई."

घोड्यांच्या माणसाला कुत्र्याचा कावेबाजपणा काय कळणार. तरी प्रयोग केला. पाठीमागे पातेलं टाकलं. हलला नाही. आजारी आहे, लक्ष कसं असेल?

ता. १८ फेब्रुवारी

शेक, तेल, पेज. उजव्या कुशीवर झोपवलं की कण्हतो. मोरोपंतांची जुनी शाल अंथरली आहे. त्यांनी विचारलं, "हे ब्राह्मणाचं घर आहे ना?" मी म्हटलं, हा तुमच्या अशिलाचा माल आहे, मेला तर फी जाईल.

पेजेत थोडं तूप घालते. औषध म्हणून.

आज स्वतः उभा राहिला. चार पावलं टाकली आणि माझ्या सोवळ्याच्या लुगड्यावर पडला. सगळा स्वयंपाक पुन्हा केला. संताप संताप झाला. त्याला बोलले नाही. आजाऱ्याला काय बोलायचं?

ता. २४ फेब्रुवारी

आज तो पेज खात असताना मागे उभी राहून शिट्टी फुंकली. जोरात फुंकली. पुन्हा फुंकली. मोरोपंत आतून ओरडले. कुत्रा खात राहिला.

मग पुढे जाऊन, शिट्टी न वाजवता, नुसता डावा हात हलवला. पेज टाकून आला.

बहिरा आहे.

म्हणजे सगळ्यांनी मला फसवलं! दुर्गाबाईंनी बहिरा कुत्रा राखणीसाठी माझ्या गळ्यात बांधला. आणि घरातल्या एकालाही माझ्याशी खरं बोलता आलं नाही. मैनाबाई म्हणाली, "सांगतलं नं बाई संक्रांतीनंतर." टोमणा मारणं म्हणजे सांगणं नव्हे. नीट, समोर उभं राहून सांगावं. मी काय माणसं खाते?

आता होळीला पंधरा-सोळा दिवस. बंदूक पंजाबरावांकडे तशीच आहे.

ता. २५ फेब्रुवारी

विचार केला. गाडी दारावरून गेली की नबाब मान वर करतो. जमीन हादरते, ते त्याला कळतं. चोर काय हवेतून चालतो? तेव्हा पावलाच्या धक्क्यानं जागं व्हायचं हे शिकवणार. मी पाय आपटला. मान वर केली! सबंध दिवस पाय आपटले. टाच सुजली. निर्गुडी आता दोघांनाही लागते.

उरलं भुंकणं. या घरात त्याला भुंकताना कोणी ऐकलेलं नाही.

ता. १ मार्च

भुंकणं ऐकवून शिकवता येत नाही. दाखवून येईल. अंगणात त्याच्यासमोर बसले आणि तोंड उघडून, मान पुढे काढून, व्यवस्थित भुंकून दाखवलं. तो मन लावून बघत होता. मोरोपंत एलिचपुराच्या दोन अशिलांना घेऊन आत आले, तेव्हाही मी मध्येच थांबले नाही. धडा अर्धवट सोडू नये.

अशील दुसऱ्या वकिलाकडे गेले म्हणे. जावोत.

ता. ६ मार्च

मुंबईहून तार आली म्हणतात. अमेरिकेतली लढाई संपत आली, तिकडचा कापूस पुन्हा विलायतेला जाणार, इथला भाव पडतो आहे. बाजारात दलाल अनवाणी पळताना मैनाबाईनं पाहिले. मला यात लक्ष घालायला वेळ नाही.

आज मी पाय आपटला, भुंकून दाखवलं, आणि नबाबानं तोंड उघडलं! पूर्ण उघडलं! मैनाबाई म्हणते जांभई होती. भुंकणं आणि जांभई यांत आवाजाचाच काय तो फरक. प्रोग्रेस.

ता. १० मार्च

तयारी पूर्ण. परीक्षेच्या रात्री मी स्वतः कापसाच्या ढिगामागे बसणार, पाय आपटणार, आणि गरज पडली तर भुंकणंही माझ्याकडे. मडमेच्या शाळेत इन्स्पेक्टर आले की पुढच्या बाकावरच्या मुली हळूच उत्तरं सांगत. त्याला लबाडी म्हणत नाहीत. मदत म्हणतात.

मोरोपंतांना काही सांगितलेलं नाही.

ता. १२ मार्च, होळी

दुर्गाबाई दुपारी आल्या. एकट्या. जाताना बैलांच्या शिंगांवर होती ती चांदी गेलेली.

मी पाणी दिलं आणि लगेच म्हटलं, एग्झामिनेशन आजच होऊ द्या, आम्ही तयार आहोत.

"कायची परीक्षा?"

मी म्हटलं, कापसाची. राखणीची. बंदुकीची.

त्या ओसरीवर बसल्या आणि हसू लागल्या. वाईट हसत होत्या. म्हणाल्या, "कोनता कापूस राखाचा वकिलीनबाई? भाव मातीत गेला. अंगनात ढीग पडून हाये, चोरबी हात लावून नाई राह्यला. पंजाबराव दलालाच्या दारात बसून हाये. त्याले कुत्र्याची याद हाये का आता!"

म्हणजे परीक्षा नाही. दोन महिने. टाच.

मी म्हटलं, तुमचा कुत्रा बहिरा आहे, हे तुम्हाला माहीत होतं?

"तं काय. दोन वर्सं झाले."

मग वळण लावा असं का सांगितलंत?

"याले संभाळा मनलं असतं तं तुमी ठेवून घेतलं असतं का? मी अकोल्याले, अन् घरी पंजाबरावची बंदूक. वकिलाच्या घरात येऊन गोळी घालाची त्याची छाती नाई. अन् तुमी रागीट, हे गावाले माहीत हाये."

मी पुष्कळ बोलले. जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्या सगळं ऐकून म्हणाल्या, "उद्या सकाळी याले नेतो. घर रिकामं झालं माहं. आता आमी दोघं म्हातारे बसू अंगनात." कुत्रा त्यांचा.

ता. १३ मार्च, धुळवड, सकाळ

गाडीत बसवायला गेले तर नबाब दुर्गाबाईंकडे शेपूट हलवीत गेला. बरोबर आहे. मग मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि परत माझ्या पायाशी येऊन बसला. पुन्हा नेला, पुन्हा आला. दुर्गाबाई म्हणाल्या, "जा मना नं त्याले." 'ये' आणि 'बस' एवढ्याच खुणा मी शिकवल्या. 'जा' ही खूण शिकवलीच नव्हती. शेवटी मी पाठ फिरवून आत गेले. तेव्हा गाडी सुटली.

मोरोपंतांचा आग्रह, अशिलाचा माल लेखी द्यावा. मी लिहिलेल्या पावतीवर दुर्गाबाईंनी गाडी सुटण्याआधीच अंगठा उठवला होता. पावतीची नक्कल :

दुर्गाबाई यांस सुपूर्त केलं ते येणेप्रमाणे.

शाल एक, मोरोपंतांची. परत नको.

तिळाचं तेल, बाटली एक. आधी कोमट करावं. निर्गुडीचा पाला वाळवलेला, गाठोडं एक.

पेज पातळ. तूप घालावं. डाव्या कुशीवर झोपवावं. पाठीमागून एकदम हात लावू नये, दचकतो. समोर जाऊन, चेहरा दिसू द्यावा.

कुत्रा, एक. म्हातारा. बहिरा, हे मी पहिल्या आठवड्यातच ओळखलं होतं. हट्टी नाही.