पाऊण तास

मंगळवार, ४
पोटात कालपासून सामसूम. आठवा सरत आलाय. सासूबाई म्हणाल्या, "बापावर गेलंय. तीनदा हाक मारल्याशिवाय तोही कुठे हलतो!" सगळे हसलो.

बुधवार, ५
सकाळी एकदा हललं. की मीच हलले?

गुरुवार, ६
प्रयोगशाळेत दिवसभर दुसऱ्यांचं रक्त. दुपारी न राहवून वर डॉक्टरीणबाईंकडे गेले. ठोके आहेत – पण यंत्रावरची ठोक्यांची रेघ त्यांच्या मनासारखी नाही. "बाळाचं रक्त तुझ्यात उतरतंय का, बघायला हवं. आत्ताच." ही तपासणी इथे आम्ही दोघीच करतो. दुसरी रजेवर. माझ्या रक्ताची नळी घेऊन मीच खाली आले.

रक्त पसरलेली काचपट्टी आम्लात धुतली की आईच्या पेशी विरून सावल्या होतात, बाळाच्या गुलाबी राहतात. हजारात पाच-सहा दिसल्या तरी आम्ही एकमेकींना बोलावतो. माझ्या पट्टीवर जिकडेतिकडे गुलाबी! वाटलं, ताडून बघायला मुद्दाम बाळांच्या नाळेचं रक्त मिसळून ठेवतो ती पट्टी चुकून लावली. आकडा पटला नाही तर आधी आपल्या हातावर संशय घ्या – हे नव्या मुलींना मीच शिकवते. नवी पट्टी केली. धुतली, रंगवली, मोजली.

तेवढ्याच.

पाऊण तास गेला.

शुक्रवार, ७
काल संध्याकाळी ऑपरेशन. मुलगी. कागदासारखी पांढरी. रडली नाही.

शनिवार, ८
रक्त चढवतायत. सासूबाई काचेबाहेरून हाका मारतात, मोजून तीनदा – "ऊठ गं आळशे!" नवरा म्हणाला, "बरं झालं, तूच तिथे होतीस. दुसऱ्या कुणी वेळ घालवला असता." मी हो म्हटलं!

डॉक्टरीणबाई म्हणतात, आठवडाभर झिरपत असणार. असेल. पाऊण तासाचं त्यांनाही सांगितलेलं नाही.

सोमवार, १०
ओठांना रंग आलाय. नर्स म्हणाली, "बघा, आईचा रंग घेतेय." माझा कुठला! बाटलीतला, कुणा अनोळखी माणसाचा. तिचा तर माझ्याकडे आहे.

मंगळवार, २५
कामावर परत. तिला जाऊन चौदा दिवस. दार लावून स्वतःचं रक्त काढलं, पट्टी केली. गुलाबी अजून आहेत.

या वेळी पुन्हा केली नाही.