गुलाबी गहू

१४ सप्टेंबर १९७३
रामाजी गेले! परवाच कुहीजवळच्या त्या गावात रांगेत उभे होते. पुरानं धान वाहून नेलं, घरात दाणा नाही, आणि आमच्या मदत समितीचा गहू त्यांचा नंबर यायच्या आधीच संपला. वाडीच्या गोदामातून ट्रक भरून निघाला होता, गावात अर्धाच पोचला. बाकीचा वाटेत कुणाच्या घशात गेला? मी म्हणाले होते, "उद्या नक्की देते." त्यांनी रिकामी पिशवी नीट घडी करून काखेत धरली आणि निघाले. ते पाठमोरे जाणं डोळ्यांसमोरून हलत नाही.

१६ सप्टेंबर
समितीत भांडले. सगळ्यांचं एकच — बाई, हे चालायचंच. काय चालायचं? इथं कुंपणच शेत खातंय!
आज वर्गात फळ्याकडे वळले तर वाटलं, मागच्या बाकावर रामाजी बसलेत. शिकवता आलं नाही. रात्री स्वप्नातही तेच येतात.

१९ सप्टेंबर
सुचलं! गव्हाला मिठाईवाल्यांचा गुलाबी रंग लावायचा. असला गहू कोणता व्यापारी विकत घेईल? गोदाम सांभाळणारे मार्तंडराव आधी हसले, मग स्वतःच बादल्या घेऊन आले. हात अजून रंगलेलेच आहेत, साबणानंही निघत नाही.

२५ सप्टेंबर
ट्रक पूर्ण पोचला. एक पोतंही कमी नाही! — पण गावात कुणी हात लावीना. रामाजींची सून प्रयागबाई म्हणाली, "रंगाचा गहू पेराले असते जी बाई, खायाले नाही. त्याले औषध लावलं असते." किती सांगितलं, हा तसला नाही म्हणून. उपाशी राहतील, पण खाणार नाहीत. रागच आला मला.

२८ सप्टेंबर
काल प्रयागबाईच्या अंगणात बसून गहू भरपूर पाण्यानं धुतला, रंग निघेपर्यंत. उन्हात वाळवला. आज तिच्याच जात्यावर दळून पोळ्या केल्या आणि सगळ्यांदेखत खाल्ल्या. म्हटलं, "पाहा, मेले का मी?" बायका हसल्या. प्रयागबाईनं आधी स्वतः तुकडा खाल्ला, मग लेकीला, पुष्पीला भरवला. मग एकेक जण पिशवी घेऊन पुढे आलं.
खूप बरं वाटलं. रामाजींनाही बरं वाटलं असेल का?

३० सप्टेंबर
काल स्वप्नात कुणी आलं नाही. गाढ झोपले.

१७ ऑक्टोबर
मार्तंडराव शाळेत येऊन गेले. आमचा गहू तर मागच्याच आठवड्यात संपला. आता त्या गावांत पेरणीसाठी बियाणं वाटलंय म्हणे. खरोखरीचं, औषध लावलेलं. तेही गुलाबीच. पोत्यांवर इशारा आहे, पण इंग्रजीत.
जाऊन सांगायला हवं. सहामाहीचे पेपर तपासायचे पडलेत. रविवारी जाईन. शेतकरी माणसं ती, बियाणं त्यांना कळतंच.

१९ ऑक्टोबर
आज रामाजी पुन्हा दिसले.

२१ ऑक्टोबर, रविवार
पुष्पी पहाटे गेली. घरातली आणखी दोघं दवाखान्यात. प्रयागबाई माझा हात धरून पुन्हापुन्हा सांगत होती, जशी काही तिचीच चूक — "तुमच्यावानीच धुतला होता जी बाई."