तांब्याची नळी, शिशाचा नळ

अकोला, ३ मार्च १९६१
नवं घर. जुन्या बंगल्याचा अर्धा भाग आमचा, अर्धा शेजारी रिटायर्ड हेडमास्तर महादेवरावांचा. मालक अमरावतीला. घर देताना त्यांनी आडनावसुद्धा विचारलं नाही. ऑफिसचा कोट घालून गेलो होतो, इंप्रेशन पडलं.
आईने स्वयंपाकघरातली तोटी स्वतःच्या हाताने उघडली, बंद केली, परत उघडली. गावी, तेल्हाऱ्याला, ती विहिरीपासून लांब, घागर खाली ठेवून उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून ओतायचं. ते दिवस संपले. आता आईला कुणापुढे उभं राहावं लागणार नाही.
निश्चय: रोज पहाटे उठून इंग्रजी ग्रामर.

७ मार्च
ग्रामर उद्यापासून. आई पितळी तोटी रोज चिंचेने घासते. झिजेल म्हटलं तर ऐकत नाही.

१२ मार्च
महादेवराव चहाला आले. फार मोकळा माणूस. भिंतीवरची बुद्धाची तसबीर पाहून थबकले. कलेची आवड दिसते. मग गाव, वडिलांचं नाव, गावात घर कोणत्या बाजूला, सगळं आपुलकीने विचारलं. चहा तसाच राहिला. अॅसिडिटी असणार. आईने तो चहा मोरीत ओतला आणि कप आपटून ठेवला. तिला माणसांची पारख कमी.

१४ मार्च
नळ रस्त्यावरून आधी आमच्या स्वयंपाकघरात येतो आणि तिथून भिंतीतून महादेवरावांकडे जातो. सगळा शिशाचा, इंग्रजांच्या काळातला. आज कुंपणापाशी ते म्हणाले, आता तांब्याची नळी टाकून घेतो, तांबं शुद्ध असतं. मला इतका आनंद झाला! शिसं पोटात जाणं वाईट, हे मी एका मासिकात वाचलंय. या वयात केवढी सायंटिफिक दृष्टी!
आईला सांगितलं. ती म्हणाली, "इतके वर्सं शिसं चाललं त्यायले. आपण आलो अन् तांबं आठोलं?"
योगायोग म्हणून काही असतं, हे तिला समजावणं कठीण.

२१ मार्च
कुर्बान फिटर आला. रस्त्यालगत शिशाचा नळ कापून त्याला तांब्याची नळी जोडली. नळी आमच्या अंगणाला वळसा घालून सरळ महादेवरावांकडे गेली. मीही कोट काढून अर्धी नाली खणून दिली. शेजारधर्म.
आमच्याकडे येणारं शिशाचं टोक मात्र तसंच उघडं राहिलं. कुर्बानला विचारलं, तर म्हणाला, "मास्टर साब ने एक ही जोड बोला है." म्हातारपणी विसरायला होतं. उद्या आठवण करतो.
तोवर आई मशिदीजवळच्या विहिरीवरून पाणी आणेल. तेवढाच व्यायाम.

२ एप्रिल
आठवण केली. मालकाची परवानगी लागते म्हणाले. स्वतःच्या नळीला लागली नव्हती, पण हेडमास्तर म्हणजे नियमाने चालणारा माणूस.

९ एप्रिल
एसटीने अमरावती. मालक घरी नाहीत असं आतून सांगितलं. सांगणारा आवाज मालकांसारखाच होता. भाऊ असेल.

१६ एप्रिल
आता स्वतःच करायचं. मी इंटर सायन्सपर्यंत शिकलेला माणूस. निकाल हा वेगळा विषय. दुपारी नळाला पाणी नसतं. तेव्हा तांब्याची नळी मध्ये कापायची, तिथे एक तिहेरी तुकडा बसवायचा आणि त्याला आमचं शिशाचं टोक कथील वितळवून झाळायचं. बाजारातून कथील आणलं, ऑफिसातून स्टोव्ह. महादेवरावांना आयती सरप्राइज!

१७ एप्रिल, दुपार
तांब्याला तापायला वेळ लागतो. शिशाला लागत नाही. तांबं तापेपर्यंत शिशाचं टोक लोण्यासारखं वितळून मातीत गेलं. मागे सरकून पुन्हा बसवलं. तेही गेलं. आता टोक जवळजवळ आमच्या भिंतीत शिरलंय. पद्धत बरोबर आहे, शिसं जुनं आहे.

संध्याकाळ
पाणी सुटलं. अंगणात तळं. महादेवरावांकडे थेंब नाही. ते जे बोलले ते रागात बोलले. रागात माणूस जात काढतो, मनात नसतं.
कुर्बान येऊन सरळ नळी जोडून गेला. आमच्यासाठी आता जोडायला टोकच नाही.

२० एप्रिल
आईचे गुडघे सुजले. विहीर झेपत नाही. झालं गेलं विसरून महादेवरावांकडे गेलो. रोज एक घागर द्यायला कबूल झाले. शेवटी माणुसकी आहेच! आई नको म्हणत होती. मीच आग्रह केला, जाण्यायेण्याने संबंध वाढतात.

२१ एप्रिल
आईने घागर खाली ठेवली. महादेवरावांच्या पत्नीने ओट्यावरून धार धरली.
उंचावरून ओतलं की पाण्यात हवा मिसळते, ते आरोग्याला चांगलं. हे लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.
मी खिडकीत उभा होतो. आई त्यांना म्हणाली, "अजून जरा वरून ओता बाई. तुमच्या अंगावर शितोडे येतीन."

२४ एप्रिल
आई तेल्हाऱ्याला गेली. तिथे वस्तीत आपल्याच लोकांनी आता विहीर खणली आहे. मी म्हटलं, अशा गुडघ्यांनी पाणी कसं शेंदशील? म्हणाली, "रडत शेंदीन. पण माह्या हातानं शेंदीन."
फार राग आला. तिचा नाही. महादेवरावांचाही पुरता नाही. त्या नळीसाठी नाली मी खणली, आणि आईला त्या ओट्याखाली मीच पाठवलं.
जाताना तिने तोटी चिंचेने घासून ठेवली. चकचकते आहे. मी ती उघडली, बंद केली, परत उघडली.