डब्लिनचं पाकीट

९ सप्टेंबर
आज ऑफिसात डेक्लनने पोस्टात टाकायला पाकीट हातात दिलं. स्वतः चिकटवलेलं, वर टेप. आत आयरिश नागरिकत्व सोडण्याचा फॉर्म. "टुडे, मैथिली, प्लीज." तरुणपणी गवंडीकामाला सिडनीत आलेला माणूस, बारा वर्षं आमच्या वॉर्डाचा काउन्सिलर, आता पोटनिवडणुकीत खासदारकीचं तिकीट! काउन्सिलरला दोन नागरिकत्वं चालतात, खासदाराला नाही. उमेदवारी अर्जाची मुदत १० ऑक्टोबर, त्याच्या आत डब्लिनचं उत्तर हवं.

पोस्ट दोन मिनिटांवर. गेले नाही.

१० सप्टेंबर
पितृपक्ष लागलाय. त्याची आई जूनमध्येच गेली. ज्या पंधरवड्यात आपण गेलेल्यांना जेवू घालतो, त्यात याने आईच्या देशाशी नातं तोडायचं? तेही माझ्या हातून? नाही बाई! अमावास्या होऊ दे. दहा-बारा दिवसांनी काय बिघडतंय?

२२ सप्टेंबर
टाकलं. एक्सप्रेसने.

४ ऑक्टोबर
उत्तर नाही. पक्षाची गेल रोज फोन करते – "एनीथिंग फ्रॉम डब्लिन?" शेवटी अवधूतला सांगितलं. नवरोबा म्हणतात, "अगं, पोस्टात लेट झालं म्हण ना. सिंपल!"

सिंपल म्हणे! पावतीवर तारीख आहे. आणि मला खोटं बोलता येत नाही, चेहराच चुगली करतो.

८ ऑक्टोबर
डेक्लनला सांगून टाकलं. पितृपक्ष इंग्रजीत समजावताना घाम फुटला. वाटलं, ओरडेल. ओरडावं असंच वाटत होतं. तो म्हणाला, "नो वरीज, मेट." एवढंच! एवढ्या भल्या माणसाचं मी वाटोळं केलं. बाथरूममध्ये जाऊन रडले.

१० ऑक्टोबर
अकरापर्यंत वाट पाहिली. मग गेलने दुसऱ्याचा उमेदवारी अर्ज भरला. सगळ्यांसमोर मला म्हणाली, "ट्वेल्व्ह इयर्स ऑफ हिज वर्क. बिकॉज ऑफ युअर कॅलेंडर!" डेक्लन शेजारीच उभा होता, चहा ढवळत. मग कप घेऊन आपल्या खोलीत गेला. महिनाअखेर मी नोकरी सोडायची असं ठरलं. कबूल केलं.

१५ ऑक्टोबर
ऑफिसचं टपाल अजून मीच उघडते. डब्लिनहून फॉर्म परत आला. सोबत चिठ्ठी – २९ सप्टेंबरला मिळाला, पण अर्जदाराची सही नाही.

बाकी सगळे रकाने नीट भरलेत. आईचं नावसुद्धा. सहीची जागा कोरी.

विसरला नाही. याला सोडायचंच नव्हतं! हे कळतं मला. पण मग माझी नोकरी का जाऊ दिली?